ट्विन ब्लॉक कधी लावायचा? आमच्या घरातल्या दोन मुलांचा अनुभव

माझ्या लेकीचे वरचे दात पुढं आहेत, असं सगळे म्हणायचे. तोंड मिटलं तरी दोन दात खालच्या ओठावर टेकलेले दिसायचे. हसायची वेळ आली की ती वरचा ओठ खाली ओढून धरायची. तिसरीत गेल्यावर वर्गातल्या मुलांनी तिला चिडवायला सुरुवात केली आणि तिनं फोटो काढून घेणंच सोडलं. हे दात मागं कसे ढकलायचे, एवढाच प्रश्न आमच्या डोक्यात होता. सांगलीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तो प्रश्न बदलून टाकला. वरचे दात जवळपास जागेवर आहेत, खालचा जबडा मागं राहिलाय, असं त्यांनी सांगितलं. ट्विन ब्लॉक म्हणजे तोंडात घालायच्या दोन प्लेटांचं उपकरण, त्यानं तो पुढं आणायला मदत करता येते, पण त्याची एक वेळ असते आणि ती अजून आलेली नाही.

आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आहे आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आता लेकीचं झाल्यावर पालक स्वतःच्या मुलांना पुढं करून विचारतात, "बाई, तुमच्या पोरीला काय केलं वो? आमच्या ह्याला कवा न्यायचं?" शाळेच्या दारात उभ्याउभ्या अर्धवटच सांगून होतं, म्हणून सगळं एकदा सलग लिहिते. मी डॉक्टर नाही. जे विचारून घेतलं, कागदावर पाहिलं आणि घरात अनुभवलं, तेवढंच सांगते.

सांगलीला जाण्याआधी आम्हाला सल्ले भरपूर मिळाले होते. जवळच्या एका दवाखान्यात सांगितलं की आठवं वर्ष म्हणजे अगदी योग्य वय, तयार मिळणारा, तोंडात घालायचा सिलिकॉनचा ट्रेनर आजच लावू. शाळेतल्या एका सहकारी बाईंचं म्हणणं, दुधाचे सगळे दात पडू देत, तेराव्या वर्षी सरळ तारा लावा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पाळी आल्यावर बघा, तोवर चेहरा बदलतो. आणि सासूबाईंचं, "आमच्या घराण्यात सगळ्यांचं आसंच हाय. लगीन हुईस्तोवर बसतंय आपोआप." या सगळ्या सल्ल्यांत वय होतं, वाढ कुठंच नव्हती, हे आता लक्षात येतं.

सांगलीच्या विश्रामबागेत ज्या ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे नीट करणाऱ्या, मॅडमकडे आम्ही गेलो, त्यांनी आधी तोंडात काहीच घातलं नाही. लेकीला सरळ उभं केलं आणि बाजूनं फोटो काढला. मग म्हणाल्या, "बाळ, आता खालचा जबडा पुढं सरकव. खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या जवळ आण आणि ओठ मीट." दुसरा फोटो काढला आणि दोन्ही आमच्यासमोर धरले. दुसऱ्या फोटोत हनुवटी आली होती, ओठ सहज मिटले होते, चेहरा एकदम छान दिसत होता. मॅडम म्हणाल्या, जबडा पुढं आणल्यावर चेहरा सुधारला तर खालच्या जबड्यासाठी काम करण्यात अर्थ आहे. चेहरा आणखी बिघडला असता, दोन्ही ओठ पुढं आल्यासारखे दिसले असते, तर दोष वरच्या जबड्यात समजायचा आणि उपचारही वेगळा करायचा. ज्यांचे दात 'पुढं' दिसतात अशा बऱ्याच मुलांत खालचा जबडाच मागं असतो, हेही त्यांनी सांगितलं. ही तपासणी फुकट आहे आणि कुणालाही घरी करून बघता येते. निदान त्यावरून करायचं नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते कळतं.

मग माप घेतलं. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या ९ मिलिमीटर पुढं होते. २ ते ३ मिलिमीटर असेल तर ठीक मानतात. डोकं एका चौकटीत स्थिर धरून बाजूनं एक्स-रे काढला, त्याला लॅटरल सेफ म्हणतात. त्यावर रेघा आखून कोन मोजतात. कवटीच्या तळाच्या रेषेशी वरचा जबडा सर्वसाधारणपणे ८२ अंशांच्या आसपास असतो आणि खालचा ८० च्या. लेकीचा वरचा ८२ होता आणि खालचा ७५. म्हणजे दोन अंशांच्या जागी सातचा फरक. आकडे बघितल्यावर ह्यांचे, म्हणजे माझ्या मालकांचे, प्रश्न थांबले. तोवर त्यांना वाटत होतं की एवढ्याशा गोष्टीसाठी सांगलीच्या फेऱ्या कशाला.

त्याच एक्स-रेत मानेचे मणके दिसतात, आणि खरी गोष्ट तिथंच होती. मॅडमनी दुसरा, तिसरा आणि चौथा मणका दाखवला. लहान मुलात या मणक्यांची खालची कड सपाट असते. वाढीचा झपाटा जवळ येतो तशी आधी दुसऱ्या मणक्याच्या खाली खोलगट कमान पडते, मग तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या. तिसऱ्या-चौथ्या मणक्यांचा आकारही बदलत जातो, तिरपे असलेले मणके हळूहळू चौकोनी होतात. यावरून सहा टप्पे ठरवले आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याला कमान आली पण चौथा अजून सपाट आहे, हा तिसरा टप्पा. खालच्या जबड्याच्या वाढीचा जोर साधारण तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांच्या दरम्यान असतो. काही ठिकाणी यासाठी हाताच्या पंजाचा एक्स-रे काढतात, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं वाटाण्याएवढं हाड दिसू लागलं का आणि बोटांच्या हाडांची टोकं कशी झाली आहेत ते पाहतात. मानेचे मणके सेफमध्ये आपोआप येतात, म्हणून वेगळा एक्स-रे लागत नाही.

लेकीचे तिन्ही मणके सपाट होते. पहिला टप्पा. मॅडम म्हणाल्या, "आत्ता नको. थांबू."

मी तिथंच विचारलं, की लवकर केलेलं चांगलं नाही का? मुलीला रोज चिडवतात. यावर त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं होतं. हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासून झाला आहे. अमेरिकेत फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिना इथं आणि ब्रिटनमध्ये अशा चाचण्या झाल्या. काही मुलांना लहानपणीच, साधारण आठ-नऊ वर्षांचे असताना, एक उपचार दिला आणि किशोरवयात दुसरा. बाकीच्यांना थांबवून किशोरवयात एकदाच उपचार केला. शेवटी दातांतलं अंतर आणि जबड्यांचा कोन दोन्ही गटांत जवळपास सारखाच आला. अशा वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला. लवकर केलेल्यांचा एक ठळक फायदा मात्र होता, त्यांच्या पुढच्या दातांना इजा कमी झाल्या. ब्रिटनच्या चाचणीत लवकर उपचार मिळालेल्या मुलांना त्या वेळेपुरता आत्मविश्वासही जास्त वाटला होता.

म्हणजे लवकर सुरू करणं चूकच असं नाही. मूल सारखं धडपडत असेल, एखादा दात आधीच टवका उडालेला असेल, किंवा चिडवण्यानं ते शाळेत जायला नकार देत असेल, तर आठ-नऊ वर्षांचं असतानाही उपचार करतात आणि त्याला कारण असतं. फक्त पुढं दुसरा टप्पा बहुतेक लागणारच हे धरून चालायचं. तोंडात प्लेट ठेवायला मुलाकडे जेवढा धीर असतो तो आधीच खर्च झालेला असतो, आणि नेमका जोराच्या वाढीच्या वेळी मूल कंटाळलेलं असतं. मॅडमनी हे माझ्याशी बोलून संपवलं नाही. लेकीला जवळ घेऊन विचारलं, "तुला आत्ता काही लावायचंय का?" ती म्हणाली, "चिडवतात, पण तोंडात काही नको." तिचं म्हणणं मॅडमनी कागदावर लिहून ठेवलं, हे मला फार आवडलं. वर्गातल्या चिडवण्याचं मी तिच्या वर्गशिक्षकांशी बोलून मार्गी लावलं, ते काम दाताच्या डॉक्टरांचं नव्हे.

थांबायचं म्हणजे घरी बसायचं नव्हतं. लेक खो-खो खेळायची. पुढं आलेल्या दातांना मार बसायचा धोका जास्त असतो, वरचे दात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढं असतील तर तो साधारण दुप्पट होतो. म्हणून खेळताना घालायला मापाचा माऊथगार्ड, म्हणजे दातांवर बसणारं मऊ कवच, करून दिला. कायमचा दात मुळासकट पडलाच तर काय करायचं हेही शिकवलं, आणि हे प्रत्येक शाळेनं शिकून ठेवावं. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरून जागेवर बसवायचा. ते जमत नसेल तर दुधात बुडवून मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठायचा. अर्ध्या तासाच्या आत पोचलं तर उत्तम. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. आमच्या शाळेच्या प्रथमोपचार पेटीवर मी हे मोठ्या अक्षरांत चिकटवलं आहे.

दुसरं, ती रात्री तोंड उघडं ठेवून झोपायची आणि घोरायची. मॅडमनी मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकामागची ॲडेनॉइडची गाठ थोडी मोठी निघाली. औषधांवर भागलं, शस्त्रक्रिया लागली नाही. नाक चोंदलेलं असेल तर मूल तोंडानं श्वास घेतं, जीभ खाली राहते, जबडा उघडा राहतो. तोंड भरून टाकणारी प्लेट अशा मुलाला सहन होत नाही, म्हणून नाक आधी मोकळं हवं.

आणि तिसरं, उंची. हे काम शिक्षिकेच्या हातचं होतं. शाळेत आम्ही वजन-उंचीची नोंद ठेवतोच. मॅडमनी सांगितलं, दर तीन महिन्यांनी मोजा, एकाच भिंतीशी, टाचा टेकवून, शक्यतो सकाळी, आणि आकड्यांपेक्षा वेग बघा. एरवी मूल वर्षाला ५-६ सेंटिमीटर वाढतं. झपाटा सुरू झाला की मुलीत हा वेग ८ सेंटिमीटरच्या घरात जातो, मुलात त्याहून थोडा जास्त. चपलेचा नंबर भराभर वाढायला लागला की तीही खूण, कारण पाय उंचीच्या थोडे आधी वाढतात.

याच दिवसांत माझ्या भावाच्या मुलाचं निघालं. तो तेव्हा आठ वर्षांचा. त्याचं उलटं होतं, खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या बाहेर यायचे आणि गालांच्या मधला भाग चपटा दिसायचा. मॅडमनी त्याचाही सेफ काढला आणि म्हणाल्या, "याला लगेच सुरू करायचं. एक वर्षही घालवू नका." भाऊ चिडला. "ताई, तुझ्या पोरीला थांबा आणि माझ्या पोराला लगेच? हे कसलं शास्त्र?" त्याला संशय आला यात नवल नाही, वरवर बघता दोन्ही मुलं एकाच वयाची, एकाच कारणासाठी आलेली.

मॅडमनी त्याला कवटीचं प्लास्टिकचं मॉडेल हातात देऊन समजावलं. या मुलात वरचा जबडा मागं राहिला होता. वरचा जबडा स्वतंत्र हाड नाही, तो डोक्याच्या इतर हाडांशी सांध्यांनी जोडलेला असतो. लहानपणी हे सांधे सैल असतात, वय वाढेल तसे ते एकमेकांत गुंतत जातात. म्हणून त्याला पुढं ओढायचं तर दहा वर्षांच्या आत, शक्यतो सात ते नऊच्या दरम्यान. खालचा जबडा मात्र कानापुढच्या सांध्यापाशी वाढतो आणि उंचीच्या झपाट्याबरोबर जोर धरतो. खालचा पुढं आणायचा तर त्या झपाट्याची वाट बघायची. घरी आल्यावर ह्यांनी भावाला एका वाक्यात सांगितलं, "अरे, बाग एकच, पण खरडछाटणी एप्रिलात आणि फळछाटणी ऑक्टोबरात. अदलाबदल करून चालंल का?" भाऊही बागायतदारच. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

भाच्याला वरच्या दातांवर चिकटवलेली प्लेट आणि चेहऱ्यावर फेसमास्क बसवला. कपाळाला आणि हनुवटीला गादी, मध्ये दांडी, तिच्यापासून प्लेटपर्यंत रबरं. शाळेत घालायचा नाही, घरी आल्यापासून सकाळपर्यंत १२ ते १४ तास. बघायला भीतीदायक वाटतो, पण तो पोरगा तो घालून अंगणात सायकल फिरवायचा. पहिल्या वर्षातच वरचे दात पुढं येऊन खालच्यांवर बसले. ब्रिटनमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांना मास्क लावून सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा पुढं शस्त्रक्रिया लागेल असं ज्यांच्याबाबत वाटलं त्यांचं प्रमाण मास्क लावलेल्यांत ३६ टक्के आणि न लावलेल्यांत ६६ टक्के होतं. म्हणजे खात्री नाही, पण फरक मोठा आहे. मुलाचा खालचा जबडा सतरा-अठरापर्यंत वाढत राहतो, म्हणून त्याला दरवर्षी दाखवायचं आहे.

लेक पाचवी संपवत आली तेव्हा भिंतीवरच्या दोन रेघांमधलं अंतर अचानक वाढलं. जूनमध्ये घेतलेल्या चपला दिवाळीला घट्ट झाल्या. मॅडमना फोन केला, त्यांनी दुसरा सेफ काढायला लावला. दुसऱ्या मणक्याला स्पष्ट कमान आली होती, तिसऱ्याला नुकती पडलेली, चौथा सपाट. मॅडम म्हणाल्या, "आता. उशीर नको."

त्यांनी पाळीबद्दल विचारलं. अजून आली नव्हती. यावर त्या जे बोलल्या ते मी आता प्रत्येक मुलीच्या आईला सांगते. मुलींत वाढीचा सर्वांत मोठा जोर सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास असतो आणि पहिली पाळी बहुतेक वेळा त्याच्यानंतर येते. पाळी आल्यावर बघू म्हणणारी आई मुलीला तो जोर ओसरायला लागल्यावर घेऊन येते. मुलांत हे सगळं साधारण दोन वर्षं उशिरा चालतं. म्हणून सहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा, बाक एकच, पण दोघांच्या हाडांचं वय वेगळं. शेजारच्या वहिनींचा सल्ला ऐकला असता तर आम्ही नेमकी चांगली वेळ हुकवली असती. आपल्याकडे पाळीचा विषय दवाखान्यात काढायला आया लाजतात, डॉक्टर पुरुष असतील तर आणखीच. लाजू नका. ही माहिती उपचाराचाच भाग आहे.

उपचार ठरला ट्विन ब्लॉक. स्कॉटलंडमधल्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली तो पहिल्यांदा वापरला. त्यांच्या एका सहकारी डॉक्टरचा लहान मुलगा पडला आणि त्याचा वरचा पुढचा दात निखळला. दात परत बसवला, पण खालचा ओठ मागं अडकून त्याला सारखा ढकलत होता. जबडा पुढं ठेवून तो दात वाचवायचा म्हणून हे उपकरण जन्माला आलं. रचना सोपी आहे. वर एक प्लेट, खाली एक प्लेट, दोन्ही सुट्या. दोन्हींच्या बाजूंना ॲक्रिलिकचे उंचवटे, आणि त्यांचे उतार सुमारे ७० अंशांत एकमेकांवर घसरतात. तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढं आणल्याशिवाय मिटत नाही.

आधी दातांची मापं घेतली, मग मेणाचा मऊ पट्टा चावायला दिला. जबडा किती पुढं आणून चावायचं ते मॅडमनी आरशात तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. ९ मिलिमीटरचा सगळा फरक एकदम भरून काढला नाही, निम्म्याहून थोडा जास्त घेतला आणि उरलेला काही महिन्यांनी उंचवट्यावर ॲक्रिलिक चढवून. रंग लेकीनं निवडला, जांभळा.

पहिला आठवडा खरोखर जड गेला. तोंडात लाळ मावत नव्हती. 'स' आणि 'श' म्हणताना शिट्टी वाजायची. सकाळी उठल्यावर कानापुढचे स्नायू दुखायचे. गालाच्या आत एक छाला पडला, तेव्हा मॅडमनी प्लेटची कड घासून दिली. बोलणं सुधारायला आम्ही एक केलं, रोज संध्याकाळी ती पुस्तकातला धडा आजीला मोठ्यानं वाचून दाखवायची. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शब्द स्वच्छ यायला लागले. सासूबाईंनी आधी विरोध केला होता, पण धडा ऐकायला त्याच वेळेवर बसायच्या.

जेवण हा मोठा मुद्दा. ट्विन ब्लॉक जेवतानाही तोंडातच ठेवायचा असतो, कारण चावताना स्नायूंचा जो जोर लागतो तो कामाला येतो. सुरुवातीचे काही दिवस काढून जेवायची सवलत दिली होती. नंतर ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, पोळी लहान तुकडे करून, फळं चिरून. बेदाणे मात्र बंद केले, आणि तासगावात बेदाणे बंद करणं काय असतं ते आमच्याकडच्या आयांना सांगायला नको. ते उंचवट्यांना आणि तारेच्या आकड्यांना चिकटून बसतात, दात किडतात. प्रत्येक जेवणानंतर प्लेट काढून साबण लावून गार पाण्यात ब्रशनं घासायची. गरम पाणी वापरायचं नाही, ॲक्रिलिकचा आकार बिघडतो. तोंडात नसेल तेव्हा डबीत. कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेली प्लेट उष्ट्याबरोबर जाते, अशी तक्रार घेऊन रोज कुणीतरी येतं, असं मॅडम म्हणाल्या.

वरच्या प्लेटमध्ये मधोमध एक स्क्रू होता. खालचा जबडा पुढं आला की वरची कमान त्याला अरुंद पडते, म्हणून ती थोडी रुंद करायची. ठरलेल्या दिवशी मी बारीक चावीनं पाव फेरा फिरवायची, त्यानं पाव मिलिमीटर जागा होते. फिरवल्याची नोंद कॅलेंडरवर.

सगळं अवलंबून असतं ते तासांवर. आंघोळ-ब्रश सोडून जवळपास पूर्ण वेळ. किशोरवयीन मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीत ट्विन ब्लॉक लावलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी उपचार अर्धवट सोडला. सोडणारी मुलं आळशी असतात असं मला वाटत नाही. शाळेत कुणी हसलं, शिक्षकांनी 'काढून नीट बोल' म्हटलं, की मूल ती खिशात टाकतं. म्हणून मी तिच्या प्रत्येक शिक्षकाला आधी जाऊन भेटले. खो-खोच्या तासाला काढायची आणि माऊथगार्ड घालायचा, बाकी वेळ कुणी काढायला सांगायचं नाही. शिक्षक मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे, वर्गात असं मूल असेल तर त्याला दोन आठवडे मोठ्यानं वाचायला लावू नका, पण प्लेट काढायलाही लावू नका.

काही महिन्यांनी एक दिवस घाबरायला झालं. प्लेट काढून तोंड मिटलं तर पुढचे दात छान जुळलेले आणि दाढा मात्र टेकतच नव्हत्या, दोन्ही बाजूंना फट. मॅडमनी सांगितलं, हे होणारच होतं. उंचवट्यांनी दाढा अडवल्या आहेत. पुढच्या प्रत्येक भेटीत त्या वरच्या उंचवट्याचा मिलिमीटरभर थर घासत गेल्या, तसतशा खालच्या दाढा वर येत गेल्या आणि फट भरली. हे आधी माहीत असतं तर ती रात्र जागून काढावी लागली नसती, म्हणून इथं लिहिते.

आठ-नऊ महिन्यांत ९ मिलिमीटरचं अंतर ३ वर आलं. मग काही काळ फक्त रात्री, आणि पुढं दात ओळीत आणायला तारा. मॅडमनी नवा सेफ जुन्यावर ठेवून काय झालं ते दाखवलं, आणि फुगवून सांगितलं नाही. अंतर कमी झालं त्यातला मोठा वाटा दातांचा होता, वरचे थोडे मागं झुकले आणि खालचे पुढं. जबड्याच्या वाढीचा वाटा त्याहून कमी. ब्रिटनच्या त्या लहान मुलांच्या चाचणीतही सुधारणेचा सुमारे पाव भागच हाडाचा निघाला होता, बाकी दातांचा. मी हे मुद्दाम सांगते, कारण 'प्लेट लावली की जबडा हवा तेवढा वाढवून देतो' असं सांगणारे भेटतात. जबडा जो मुळात वाढणार आहे त्या वाढीला हाताशी धरायचं, एवढंच हे उपकरण करतं. म्हणूनच वेळ महत्त्वाची. लेकीचा खालचा कोन ७५ वरून ७७ झाला, आणि चेहऱ्यावर तो दिसतो. ओठ आता सहज मिटतात.

वेळ निघून गेलेल्यांसाठीही दार बंद नसतं, पण ते दुसरं दार असतं. आमच्या शाळेतून पुढं गेलेली एक मुलगी पाळी येऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर गेली. तिला सांगितलं की आता जबडा नव्हे, दात हलवून अंतर झाकता येईल, किंवा वाढ पूर्ण थांबल्यावर शस्त्रक्रिया. झपाट्याच्या शेवटाकडे असलेल्या मुलांना दातांवर पक्कं बसवलेलं, काढता न येणारं उपकरणही लावतात. खर्चाची अडचण असेल तर सांगलीत दंत महाविद्यालयं आहेत, तिथं ऑर्थोडॉन्टिक्सचा वेगळा विभाग असतो आणि खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो, कामाचा दिवस मोडतो.

आता माझ्या वर्गात मुलं येतात तेव्हा मी बाजूनं बघते. दुसरी-तिसरीतल्या मुलाचे खालचे दात वरच्यांच्या बाहेर असतील, किंवा चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर पालकांना त्याच आठवड्यात बोलावते. वरचे दात पुढं असतील तर एकदा दाखवून या, माप आणि एक्स-रे करून घ्या आणि डॉक्टरांनी थांबा म्हटलं तर उंची मोजत थांबा, असं सांगते. पाचवी-सहावीतल्या मुलींच्या आयांना जरा जास्त घाई करते. सध्या एक मुलगी आहे, उन्हाळ्यानंतर एकदम उंच झाली. तिच्या आईला मी सांगून ठेवलं आहे, बागेची कामं सुरू व्हायच्या आधी सांगलीची एक फेरी करून या.